मुलांशिवाय सायन्स सेंटर: आम्ही दोघंच गेलो

शेवटचा_डबा

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला मी याआधी तीनदा गेलोय. एकदा शाळेच्या सहलीबरोबर, नंतर दोनदा लेकीला घेऊन. तिन्ही वेळा तिथलं काहीही बघितलेलं नाही. सहलीत रांग मोडली म्हणून ओरडा खाल्ला, आणि लेकीबरोबर गेलो तेव्हा पाण्याची बाटली, तिची टोपी आणि 'शू लागली का' यातच दिवस गेला.

आता लेक बंगळुरूला असते. डिसेंबरात बायकोच्या दोन सीएल लॅप्स होणार होत्या (ती बँकेत आहे). कुठे जायचं यावर आमच्याकडे नेहमीप्रमाणे तीन दिवस चर्चा झाली. तिला माथेरान नको, मला मॉल नको. शेवटी तीच म्हणाली, "सायन्स सेंटरला जाऊ या. मला तिथे एकदा तरी एखादं बटण दाबायचंय. दरवेळी ही बया आधी दाबायची."

सुरुवात माझ्या गाढवपणाने झाली. महालक्ष्मीला उतरून टॅक्सीवाल्याला रुबाबात सांगितलं, "नेहरू सेंटर." त्याने बरोब्बर नेहरू सेंटरला नेऊन सोडलं, म्हणजे तारांगणाच्या दारात. टॅक्सीवाल्याची काही चूक नाही. वरळीत नेहरूंच्या नावाच्या दोन जागा आहेत: समुद्राच्या बाजूला ॲनी बेझंट रोडवर नेहरू सेंटर आणि तारांगण, आणि आत ई. मोझेस रोडवर सायन्स सेंटर. बायको काही बोलली नाही. फक्त दुसऱ्या टॅक्सीत बसताना "सायन्स" हा शब्द तिने जरा जोरात उच्चारला.

आत गेल्यावर पहिला तास नुसता अवघडलेपणात गेला. आठवड्याचा मधला वार, त्यामुळे सगळीकडे शाळांच्या सहली. गणवेशातली दोनेकशे मुलं आणि मध्ये आम्ही पन्नाशीतली दोन माणसं. एका मॅडमनी विचारलं, "तुम्ही कुठल्या शाळेचे, सर?" मी म्हटलं, कुठल्याच नाही. मग त्यांनी आमच्यामागे मुलं शोधली. तीही नाहीत म्हटल्यावर हसून "अच्छा, अच्छा" म्हणाल्या. मी उगाचच चोरी करताना सापडल्यासारखा झालो.

पण सहलीच्या मुलांना पुढे पळायचं असतं. मागून शिट्टी वाजते आणि अख्खी लाट पुढच्या दालनात जाते. मध्ये पाच-सात मिनिटं अख्खं दालन आपलं. आम्ही तेच केलं, दोन लाटांच्या मध्ये चालायचं.

बाहेरच्या बागेत त्या दोन मोठ्या तबकड्या आहेत ना, एकमेकींकडे तोंड करून, बऱ्याच अंतरावर ठेवलेल्या? एका तबकडीसमोर उभं राहून हळू बोलायचं आणि दुसरीपाशी ते ऐकू येतं. बायको तिकडे गेली. मध्ये पोरं धावतायत, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतायत, आणि अचानक माझ्या कानात, अगदी खांद्यावर हनुवटी ठेवून बोलावं तशी तिची कुजबुज: "गॅस बंद केलास का?"

मला घाम फुटला. चहा मीच केला होता. पुढची दहा मिनिटं शेजारच्या काकूंना फोन, त्यांच्याकडे आमची किल्ली असते, त्या वर गेल्या, गॅस बंद होता. काकूंनी विचारलं, "कुठे आहात दोघं?" सायन्स सेंटरला म्हटल्यावर थोडा वेळ शांतता. मग, "बरं आहे ना सगळं?"

गंमत पुढेच आहे. मी माझ्या तबकडीतून तिला सांगितलं, "बंद आहे, काकू बघून आल्या." तिला नीट कळलं नाही. तीनदा सांगितलं. शेवटी बागेतून ओरडून सांगितलं, तेव्हा एका शाळेने वळून पाहिलं. तिची कुजबुज मला स्वच्छ आणि माझा एवढा भरदार आवाज तिला पोचत नाही, हे कसं काय? इथे कोणी जाणकार असेल तर सांगा. बायकोचं स्पष्टीकरण "तू नेहमीच पुटपुटतोस" असं आहे आणि मला ते मान्य नाही.

मग कप्प्यांच्या खुर्च्या. खुर्चीत बसायचं आणि दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायचं. माझं वजन ८२. पहिल्या खुर्चीत दमछाक, तिसरीत मी एखाद्या राजासारखा वर. तेवढ्यात पुढची लाट आली आणि एका मुलीने विचारलं, "सर, हे हलकं का लागतं?" सर म्हटल्यावर मला चढलं. तरफ, घर्षण, बल असं काहीतरी मी ठोकून दिलं. मुलगी तशीच बघत राहिली. बायको (दहावीनंतर विज्ञान सोडून कॉमर्सला गेलेली) तिला म्हणाली, "खुर्चीला वर धरून ठेवणाऱ्या दोऱ्या मोज बरं. इथे दोन आहेत, म्हणजे वजन दोघींत वाटलं गेलं. तिथे चार आहेत. पण फुकट काही नाही, तिथे दोरी चौपट ओढावी लागते. ईएमआयसारखं आहे, हप्ता कमी तर वर्षं जास्त." मुलीला ईएमआय माहीत होता. तिने मान डोलावली आणि गेली. मला गेली चाळीस वर्षं जे सूत्र पाठ आहे, ते त्या क्षणी कळलं. हे मी घरी कबूल केलेलं नाही.

आत एका अंधाऱ्या खोलीत सावली धरून ठेवणारी भिंत आहे. फ्लॅश पडतो, तुम्ही बाजूला होता, पण सावली भिंतीवरच राहते. भिंतीला स्फुरदीप्त लेप असतो, प्रकाश पडला तिथे ती हिरवट चमकत राहते आणि तुमच्या आडोशाला राहिलेला भाग काळा. फ्लॅशच्या क्षणी बायकोने उडी मारली. भिंतीवर तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर, आणि शेजारी मी, पोट पुढे, हात मागे, सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा. हळूहळू दोघंही विरून गेलो.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. एक काच आहे, अर्धी आरसा आणि अर्धी पारदर्शक. दोघांनी दोन बाजूंना बसायचं, दोघांसमोर दिव्याचं बटण. माझ्या बाजूचा दिवा वाढवला की मला मी दिसतो, तिच्या बाजूचा वाढला की ती दिसते. दोन्ही बरोबरीला आणले की दोन चेहरे एकात एक मिसळतात. आम्ही बसलो, खुर्च्या पुढेमागे करून डोळ्यांच्या रेषेत डोळे आणले, दिवे फिरवले. एका ठिकाणी माझी भुवई, तिचं नाक, माझा जबडा असं काहीतरी जुळलं. बायको पलीकडून म्हणाली, "अरे, ही तर आपली कार्टी!"

खरंच तीच होती. चष्म्यासकट. आम्ही बराच वेळ उठलोच नाही. मागे रांग लागली होती.

तर मंडळी, धागा काढायचं कारण असं की यातल्या बऱ्याच गोष्टी एकट्याने होतच नाहीत. पलीकडे कोणीतरी लागतंच. तुम्ही कोणी असे दोघंच कुठल्या विज्ञान संग्रहालयात गेलात का? काय बघितलं? आणि तबकडीचं कोडं सोडवा.

---

मुगाची_खिचडी

मस्त लिहिलंय. ईएमआयवाल्या वहिनींना सलाम, त्यांना इथे आयडी काढून द्या.

---

त्रागा

पन्नाशीच्या माणसांनी झोपाळ्यावर बसायचं आणि त्यावर निबंध लिहायचा. यातलं सगळं यूट्यूबवर आहे, टॅक्सीचे पैसे वाचले असते.

---

शेवटचा_डबा

@त्रागा, यूट्यूबवर आमची कार्टी दिसत नाही हो.

---

शून्य_बाकी

निवृत्त शिक्षक. भौतिकशास्त्र शिकवण्यात ३१ वर्षं गेली, त्यामुळे कोडं दिसल्यावर हात शिवशिवतात.

आधी एक नेहमीचा गैरसमज दूर करतो. तबकडी आवाज 'मोठा' करत नाही. तिचा आकार अन्वस्ताचा (पॅराबोला) असतो, आणि तिच्यासमोर एक ठरावीक बिंदू असतो, त्याला नाभी (फोकस) म्हणतात. नाभीपाशी तोंड ठेवून बोललं की एरवी चहूकडे पसरून वाया जाणारा आवाज तबकडीवर आपटून समांतर निघतो, समोरची तबकडी तो गोळा करून तिच्या नाभीपाशी आणते. कान तिथेच हवा. वीतभर बाजूला झालात तर गेलं.

आता वहिनींची कुजबुज का पोचली आणि तुमचा भरदार आवाज का नाही. तबकडीला लाट नीट वळवायची असेल तर लाट तबकडीपेक्षा बरीच लहान हवी. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे ३४३ हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी १ मीटर. पुरुषी आवाजाचा मूळ सूर यापेक्षाही खालचा, शे-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे लाट जवळजवळ ३ मीटर लांब. माणसाच्या उंचीच्या तबकडीला ती जुमानत नाही, कडेवरून वळसा घालून निघून जाते. उलट कुजबुजीत खर्ज नसतोच. ती बरीचशी स, श, च, फ यांची फुसफुस, दोन-तीन हजार हर्ट्झच्या वरची. लाट दहा-पंधरा सेंटिमीटरची किंवा त्याहून लहान. ती तबकडीवरून लख्ख परतते.

तुम्ही मोठ्याने बोललात म्हणजे खर्ज वाढवलात, आणि नेमका तोच वाटेत सांडला. पुढच्या वेळी कुजबुजा.

---

शेवटचा_डबा

सर, हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे मोठ्याने बोलून उपयोग नाही, हे आता फिजिक्सनेही सांगितलं."

---

मुगाची_खिचडी

सर, हे घरी करून बघता येईल का? म्हणजे कढया वगैरे घेऊन?

---

शून्य_बाकी

येईल, पण कढई लहान, म्हणून आवाजही बारीक हवा. बोलणं नाही, घड्याळाची टिकटिक. आणि खोलगट कढई नको. अर्धगोलाची नाभी त्रिज्येच्या निम्म्यावर, म्हणजे कढईच्या आतच पडते, तिथे कान कसा घालणार? उथळ आणि रुंद घ्या.

---

मुगाची_खिचडी

केलं. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला नवरा जिलबीची कढई आडवी धरून, तिच्यासमोर गजराचं घड्याळ. दुसऱ्या टोकाला मी दुसरी कढई कानामागे धरून. आधी काहीच नाही. मग कढई पुढेमागे करताना एका जागी टिकटिक एकदम जवळ आली, बोटभर हलवली की गायब. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "आज जेवायला काय आहे?" एवढंच विचारलं.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, नागपूरच्या रामन सायन्स सेंटरले कोणी गेलं का नाही? गांधीसागर तलावाच्या बाजूले. १९९२ सालचं आहे. लग्नाआधी आमचं भेटायचं ठिकाण तेच होतं. बागेत बसलं की कोणीतरी ओळखीचं दिसे. सायन्स सेंटरात दिसलं तर सांगता येई, प्रोजेक्टसाठी आलो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रामन यांचं नाव उगाच दिलेलं नाही. ते आधी सरकारच्या अर्थखात्यात हिशेबाच्या नोकरीत होते आणि १९१० च्या सुमारास त्यांची नागपूरला बदली झाली होती. म्हणजे वहिनींसारखेच, आकडेमोडीचं खातं आणि डोक्यात विज्ञान.

---

शेवटचा_डबा

हे बायकोला सांगितलं तर माझं घरातलं स्थान आणखी खाली जाईल. तरी सांगतो.

---

आचऱ्याचो

सगळ्यांनी आतलं सांगितलं, इमारतीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. सायन्स सेंटरची इमारत वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे यांची. आमच्या आचऱ्याचो माणूस! जन्म १९१६ चा. जे. जे. मधून शिकून हार्वर्डला गेले, तिथे वॉल्टर ग्रोपियस या नामवंत वास्तुरचनाकाराच्या हाताखाली शिकले. आयआयटी कानपूरचा परिसर त्यांचा, दिल्लीचं राष्ट्रीय विज्ञान केंद्रही त्यांचंच. वरळीला आधी १९७९ मध्ये बाग उघडली, आणि मुख्य केंद्राचं उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ ला राजीव गांधींच्या हस्ते. म्हणजे बाग इमारतीपेक्षा थोरली. डबेवाले, तुमची शाळेची सहल कधीची?

---

शेवटचा_डबा

८३-८४ असावं. म्हणजे तेव्हा मुख्य केंद्र उघडायचंच होतं! आत गेलो नाही म्हणून मी इतकी वर्षं बाईंना दोष देत होतो.

---

इसारकाठ

म्युनिकहून लिहितोय. डबेवाले, तुम्ही बागेतल्या विमानाचा उल्लेखच केला नाहीत. ते एचएफ-२४ मारुत, आपलं भारतीय लढाऊ विमान ना?

कारण सांगतो. इथे नदीतल्या बेटावर डॉइचेस म्युझियम आहे, १९०३ मध्ये स्थापन झालेलं, बेटावरची इमारत १९२५ ला उघडली. मी आणि बायको इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात कोणाची ओळख नव्हती आणि शनिवार-रविवार खायला उठायचे. बर्फात कुठे जाणार, म्हणून संग्रहालयात जायचो. एका दिवसात एकच मजला, असा नियम. ऑटो फॉन गेरिकेचे मूळ अर्धगोल तिथे बघितले. तेच ते, मधली हवा काढून घेतल्यावर दोन्ही बाजूंना घोडे जुंपूनही सुटेनात असे. मी शाळेत चित्रात बघितलेले. पुढ्यात आल्यावर बायको म्हणाली, "एवढेच?" चित्रात घोडे इतके असतात की गोळा केवढा, याकडे लक्षच जात नाही.

त्या संग्रहालयाची विमानांसाठी वेगळी शाखा आहे, शहराबाहेर श्लाइसहाइमला. तिथे गेलो, एका हँगरमध्ये वळलो, आणि समोर भारतीय वायुदलाचं तिरंगी वर्तुळ! मारुत उभं. जर्मनीत ते का, तर त्याचा रचनाकार कुर्ट टांक जर्मन होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने वापरलेलं फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान त्यानेच आखलं होतं, नंतर तो बंगळुरूला एचएएल या सरकारी विमान कंपनीत आला आणि तिथे मारुत उभं केलं. पहिलं उड्डाण १७ जून १९६१. बायको आणि मी तिथे अर्धा तास उभे होतो. मराठीत मोठमोठ्याने बोलत होतो, कारण तिथे कोणाला कळणार नव्हतं. तिथला एक म्हातारा स्वयंसेवक जवळ येऊन म्हणाला, "तुमचंच ना हे?"

---

शून्य_बाकी

मारुतच. विमान देखणं, पण इंजिन कमी पडलं. ध्वनीपेक्षा जलद जाण्यासाठी आखलेलं, मिळाली ऑर्फियस इंजिनं, आणि सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग काही ओलांडता आला नाही. तरी १४७ बनली आणि १९७१ च्या युद्धात लढली. नापास म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे सांगतो.

---

मुगाची_खिचडी

थांबा थांबा. पुण्यात भांडारकर रस्त्याजवळच्या कमला नेहरू पार्कमधलं विमान तेच का? आमचं लहानपण त्या विमानाखाली भेळ खाण्यात गेलं!

---

इसारकाठ

तेच. मारुतच आहे. म्हणजे तुम्ही भेळ खाल्ली, आम्ही तिकीट काढून बघितलं.

---

त्रागा

पुण्यात तिकीट नसतं त्याला किंमत नसते. असो. माझ्या वडिलांनी मला त्या पार्कात नेलं होतं. विमान कुठलं हे त्यांनाही माहीत नव्हतं. 'मिग आहे' म्हणाले होते. आज खरं नाव कळलं.

---

मुगाची_खिचडी

त्रागा, तुम्ही चांगलं लिहिलंत तरी आम्ही कोणाला सांगणार नाही.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेबद्दलही सांगते. आयुकात फूकोचा लंबक आहे, म्हणजे ज्याच्या झोक्याची दिशा पृथ्वी फिरते तशी हळूहळू वळताना दिसते तो. आणि चौकात न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ, आर्यभट यांचे पुतळे. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आम्ही दोघं गेलो होतो, प्रचंड गर्दी. लंबकापाशी नवरा म्हणाला, "फिरताना काही दिसत नाही." मी म्हटलं, थांब जरा. तो चार मिनिटं थांबला. पृथ्वी फिरतेय हे बघायला माणूस चार मिनिटं थांबतो, वडापावच्या रांगेत वीस.

---

इसारकाठ

इथल्या डॉइचेस म्युझियमच्या मनोऱ्यातही फूकोचा लंबक आहे. तुमच्या यजमानांची बाजू घेतो. पुण्यात तो खरंच हळू फिरतो. लंबकाच्या झोक्याची दिशा तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाची ज्या (साइन), इतकी वळते. म्युनिक ४८ अंशांवर, म्हणून तासाला ११ अंशांच्या वर. पुणे साडेअठरावर, म्हणजे तासाला पावणेपाचच्या आसपास. इथे फेरी ३२ तासांत, पुण्यात तीन दिवसांहून जास्त. चार मिनिटांत पुण्याचा लंबक जेमतेम तृतीयांश अंश हलला असेल.

---

मुगाची_खिचडी

हे त्याला दाखवलं. आता तो सोफ्यावर बसून विजयी मुद्रेने चहा मागतोय. धन्यवाद हं.

---

मिरामार

गोंयहून. पणजीत मिरामारला गोवा सायन्स सेंटर आहे, समुद्राला लागूनच. आम्ही समुद्रावर फिरायला गेलो होतो, पाऊस आला म्हणून आत शिरलो. छत्री एकच होती. बाहेर आलो तेव्हा पाऊस थांबून तास उलटला होता असं गेटवरच्या माणसाने सांगितलं. एवढंच.

---

वाट_चुकलेला

डबेवाले, आता मेट्रो ३ झालीय. दादरहून धरली तर चौथं स्टेशन 'सायन्स सेंटर'. टॅक्सीचा घोळ होणारच नाही. स्टेशनच्या नावात नेहरू हवं होतं की नको, यावर

---

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. स्टेशनच्या नावाचा वाद राजकारण विभागात चालू आहे, तिथे जावे.

---

शेवटचा_डबा

मंडळी, एक विचारायचं राहिलं. मोडक्या खेळण्यांचा अनुभव कोणाला आलाय का? वरळीला आमचं छान झालं, पण काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या शहरात (नाव राहू द्या) एका केंद्रात दर तिसऱ्या वस्तूवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी होती. पाटीवर धूळ.

---

शून्य_बाकी

हात लावायच्या वस्तू मोडतातच. दिवसाला हजार हात लागले तर तुमच्या घरातली कडीसुद्धा टिकणार नाही. मी सहल नेत असे तेव्हा मुलांना सांगायचो, वस्तू चालत नसेल तर ती का चालत नाही ते शोधा. एकदा एका पोराने बंद पडलेल्या चाकाच्या आत अडकलेली पेन्सिल शोधून काढली होती. त्या दिवशी त्याने दुसरं काही बघितलं नाही. त्याची सहल मात्र वसूल झाली.

---

ओसरी

गेले आठवडाभर नुसती वाचतेय, आज लिहिते. या धाग्यामुळे काल वरळीला जाऊन आले.

मी आणि आई. धाग्यात 'दोघं' म्हणजे नवरा-बायको आहेत, पण आमच्या घरात दोघी आहोत. आई ७८ वर्षांची. दोन्ही कानांना मशीन आहे. ती कुरकुरतं म्हणून बाहेर गेल्यावर काढून पर्समध्ये टाकते, आणि मग दिवसभर मी तिच्याशी ओरडून बोलते. लोक बघतात. गेल्या काही वर्षांत माझा आवाजच तसा झालाय, ऑफिसमध्ये सांगतात, "अगं, हळू."

तिला तबकडीपाशी स्टुलावर बसवलं. मशीन पर्समध्येच. मी पलीकडे गेले. शून्य_बाकी सरांनी लिहिलं होतं म्हणून ओरडले नाही. पण अगदी कुजबुजलेही नाही, जरा स्पष्ट, हळू बोलले. म्हटलं, "आई, साडीचा पदर मातीत लागतोय."

तिने पदर उचलला.

मी पुन्हा काहीतरी बोलले. तिने मान हलवून उत्तर दिलं, तेही तबकडीकडे तोंड करून, मला नीट ऐकू आलं. मग आम्ही तिथे किती वेळ बोललो कोण जाणे. बोलणं म्हणजे काय, मामाच्या घराचं काय झालं, लोणच्याला यंदा मोहरी कमी पडली. सहलीची मुलं खोळंबली तेव्हा उठलो. जवळ आल्यावर ती म्हणाली, "आज तू चिडून बोलत नव्हतीस."

सर, हे असं का झालं असेल? मशीनशिवाय तिला एरवी दाराची बेल ऐकू येत नाही.

---

शून्य_बाकी

ओसरी ताई, वयाने ऐकू येणं कमी होतं ते बहुतेक वरच्या सुरांपासून. खर्ज ऐकू येतो, म्हणून 'कोणीतरी बोलतंय' हे कळतं. पण स, श, च, त जातात, म्हणून 'काय बोलतंय' ते कळत नाही. आपण ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. तबकडी नेमकी त्या बारीक लाटाच गोळा करते, आणि तुम्ही हळू, स्पष्ट बोललात. बेलचं मला इथून सांगता येणार नाही, तिचा सूर कुठला त्यावर आहे. मशीनची कुरकुर मात्र ऑडिओलॉजिस्टला सांगा, पुष्कळदा सेटिंग बदलून किंवा साचा नीट बसवून ती जाते. पर्समध्ये ठेवू देऊ नका.

---

त्रागा

ओसरी, तिथे बसायला स्टूल होतं की तुम्ही नेलंत? माझ्या आईचे गुडघे गेलेत.

---

ओसरी

नेलं. घडीचं. लोकलच्या प्रवासासाठी घेतलेलं. वजन दीड किलो आहे, तेवढं उचलावं लागेल.

---

त्रागा

चालेल. आणि सहली कुठल्या वारी कमी असतात?